गालावरची झीज

सेस्टर्शियस हे रोमन नाणं हातात घेतलं की आधी वजन जाणवतं, चित्र नंतर. साधारण 25 ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांच्या थोडं वर. रुंदी 32 ते 35 मिलिमीटर. तळहाताच्या खळग्यात तो एखाद्या जड बत्ताशासारखा बसतो. मग नाणं उजेडाकडे तिरकं धरावं, तेव्हा सम्राट दिसतो, आणि बहुतेक वेळा त्याचा गाल गुळगुळीत झालेला असतो. गालाचं हाड आणि कानावरचे केस हे नाणं पाडायच्या ठशात सर्वांत खोल कोरलेले, म्हणून नाण्यावर सर्वांत उंच, म्हणून बोटांना, पिशवीला आणि दुकानदाराच्या फळीला सर्वांत आधी लागणारे. चेहरा ठसावा म्हणून तो उंच काढला आणि उंच काढला म्हणून तोच आधी गेला. काठालगतची अक्षरं, हनुवटीखालची रेघ, मानेचा उतार हे सखल भागात असल्यामुळे मागे राहतात. झिजलेलं नाणं वाचायचं असेल तर सम्राटाच्या नजरेला नजर भिडवण्यात अर्थ नाही, मान बघावी.

या नाण्यांना सरसकट ‘ब्राँझ’ म्हणतात ती सोय आहे, अचूकपणा नव्हे. ब्राँझ म्हणजे कांसं, तांबं आणि कथील. पहिला रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. 23 च्या सुमारास नाण्यांची जी घडी बसवली तिच्यात सेस्टर्शियस आणि दुपोंदियस पितळेचे होते, तर आस आणि क्वाद्रान्स तांब्याचे. चार क्वाद्रान्सचा एक आस, दोन आसांचा दुपोंदियस, चार आसांचा सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियसचा चांदीचा एक दिनारियस, आणि 25 दिनारियसचं एक सोन्याचं नाणं. आस 11 ग्रॅमच्या आसपास, दुपोंदियस साडेबारा. आसाची रुंदी आपल्या दहा रुपयांच्या नाण्याइतकी, म्हणजे 27 मिलिमीटर, वजन मात्र जवळजवळ दीडपट. पाँपेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर लिहून ठेवलेला सापडला आहे: एका आसाला साधी दारू, दोनाला बरी, चाराला फालेर्नियन, म्हणजे उंची दारू. ऑगस्टसच्या सैन्यातल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्शियस होता. सोन्याचं नाणं असल्या माणसाच्या हाती क्वचितच पडायचं. सम्राट त्याला भेटायचा तो पितळेत आणि तांब्यात.

रोमन पितळेला ओरिकाल्कम म्हणत, आणि ते करणं सोपं नव्हतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळतं आणि तांबं 1085 ला वितळतं. म्हणजे दोन्ही एकत्र तापवायला जावं तर तांबं पातळ होण्याआधी जस्ताची वाफ उडून गेलेली. रोमन कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा मुशीत घालून तोंड बंद करत आणि आच या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवत. कोळशामुळे खनिजातलं जस्त सुटायचं, त्याची वाफ व्हायची आणि ती घन तांब्यात मुरायची. या पद्धतीने जास्तीत जास्त 28 टक्के जस्त चढतं. जुनी पितळी नाणी वितळवून नवी पाडली की प्रत्येक खेपेला थोडं जस्त उडतं. त्यामुळे पहिल्या शतकातला सेस्टर्शियस लख्ख पिवळा, आणि पुढच्या शतकांतला उत्तरोत्तर तांबूस होत गेलेला.

रंगाला इथे मोल होतं. दुपोंदियस आणि आस आकाराने जवळजवळ सारखे, किंमत मात्र दुप्पट. कोरं असताना एक सोन्यासारखं, दुसरं लाल, तेव्हा घोटाळा नाही. पण मळलेलं पितळ आणि मळलेलं तांबं संध्याकाळच्या उजेडात कोण ओळखणार? नीरोच्या काळापासून यावर तोडगा निघाला: दुपोंदियसवर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा टोकदार मुकुट, आसावर बहुतेक वेळा लॉरेलच्या पानांची माळ. आज आपण तो मुकुट बघून सम्राट स्वतःला सूर्यदेव म्हणवतो असं म्हणायला धावतो. तो अर्थ त्यात असेलही. पण बाजारात त्याचा पहिला अर्थ ‘हे दोनाचं नाणं आहे’ एवढाच.

नाणं पाडायची कृती ऐकायला साधी आहे. धातूची चकती ओतून घ्यायची, तापवायची, चिमट्याने धरून ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर धरायचा आणि घण घालायचा. सम्राटाचा चेहरा खालच्या ठशात असे. त्यामागे मानापमानाचा प्रश्न नाही. खालचा ठसा ऐरणीत घट्ट रुतलेला असतो, वरच्यावर घण थेट बसतो. वरचा लवकर तडकतो, म्हणून मागच्या बाजूचे ठसे जास्त लागत. अवघड, वेळखाऊ काम टिकाऊ ठशावर करावं हा टांकसाळीतला हिशेब.

चुका इथेच होतात. चकती सरकली की चित्र एका बाजूला आणि दुसरीकडे कोरी कड. चकती पुरेशी तापली नाही की घावाने काठ फाटतो. सेस्टर्शियसच्या काठावरच्या त्रिकोणी भेगा त्या अशा. ठशातल्या एखाद्या अक्षरात कचरा भरला की ते अक्षर नाण्यावर उठतच नाही, आणि नवशिक्याला वाटतं की ते झिजलं. सर्वांत गमतीची चूक म्हणजे पाडलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहणं. कामगाराच्या लक्षात येत नाही, तो पुढची चकती ठेवतो आणि घण घालतो. मग त्या नाण्याच्या एका बाजूला सम्राट नेहमीसारखा उठावदार आणि दुसऱ्या बाजूला तोच सम्राट, उलटा आणि आत दबलेला.

चेहऱ्यांबद्दल लोक ‘प्रचार’ हा शब्द फार सहज वापरतात. प्रचार होताच, पण चापलुसी होती असं मात्र वाटत नाही. नीरोची नाणी वर्षांच्या क्रमाने मांडली तर कोवळं पोर फुगत जाऊन शेवटी हनुवटी आणि मान एक झालेली दिसते, आणि टांकसाळीने ती झाकलेली नाही. व्हेस्पेशियन टक्कल आणि सुरकुत्यांसकट येतो, एखाद्या खमक्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासारखा. नर्व्हाचं नाक पोपटाच्या चोचीसारखं. हेड्रियनपासून दाढी येते आणि पुढची दोन पिढ्यांची नाणी दाढीचीच होतात. राण्यांचं साल त्यांच्या केसांवरून लागतं. थोरल्या फाउस्तिनाचा अंबाडा डोक्याच्या माथ्यावर, धाकटीचा, म्हणजे तिच्या मुलीचा, मानेवर. धाकट्या फाउस्तिनाचं नाव पूर्ण झिजलेलं असलं तरी अंबाडा साक्ष देतो. एक बारकावा फार उपयोगी: नीरोच्या पितळी-तांब्याच्या नाण्यावर मानेच्या टोकाशी छोटा गोळा दिसला तर ते नाणं रोमचं नाही, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराचं.

काठाभोवतीची अक्षरं म्हणजे सम्राटाच्या पदव्यांची आगगाडी, आणि तिच्यातले आकडे तारीख सांगतात. ट्रेजनच्या नाण्यावर ‘कॉस’ या अक्षरांपुढे पाचचा रोमन आकडा असेल तर तो त्याच्या पाचव्या कौन्सुलपदाचा (रोममधलं सर्वोच्च वार्षिक पद), म्हणजे नाणं इ.स. 103 ते 111 मधलं. सहाचा असेल तर 112 किंवा नंतरचं. लॅटिन येण्याची गरज नाही, वीसेक लघुरूपं पाठ असली की पुरे.

खरी मजा मागच्या बाजूला आहे. तिथे देवता, इमारती, जिंकलेले देश आणि चक्क सरकारी निर्णय दिसतात. देवता ओळखायला आपल्या वाचकाला फार कष्ट नकोत. शंख-चक्र-गदा बघून विष्णू ओळखायची सवय इथे जशीच्या तशी चालते. हातात तराजू तर सचोटीची देवता एक्विटास, सुकाणू तर फोर्तुना, ऑलिव्हची फांदी तर शांती, वाटीतून सापाला खाऊ घालणारी सालूस म्हणजे आरोग्य. एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने वस्त्राचा काठ किंचित उचललेला, ती स्पेस, आशा. शेजारी धान्याचं माप आणि कणसं असतील तर ती अन्नोना, म्हणजे रोमला मिळणारं धान्य. नाणं कितीही झिजलं तरी आयुधाची बाह्यरेषा राहते. सुकाणू बहुधा टिकून राहतं.

निर्णयांची नाणी मला सर्वांत बोलकी वाटतात. इ.स. 17 मध्ये आशिया प्रांतातली बारा शहरं भूकंपात कोसळली. 22-23 मध्ये टायबेरियसचा सेस्टर्शियस निघाला, त्यावर बसलेला सम्राट आणि भोवती मजकूर: आशियातली शहरं पुन्हा उभी केली. इ.स. 97 मध्ये नर्व्हाने इटलीतल्या लोकांवरची सरकारी टपालगाड्यांची वेठ माफ केली. ‘वेठ’ या शब्दाइतका नेमका शब्द त्याला दुसरा नाही, कारण गावोगावच्या लोकांना गाड्या आणि जनावरं पुरवावी लागत. नाण्यावर दोन खेचरं निवांत चरताहेत आणि मागे गाडी जू वर करून टेकवलेली. सम्राटाचा पुतळा नाही, विजयदेवता नाही, सुटलेली जनावरं. जुलूम संपल्याचं इतकं थोडक्यातलं चित्र दुसरं सापडणं कठीण. आणि इ.स. 118 मध्ये हेड्रियनने सरकारी थकबाकी माफ केली तेव्हा रोमच्या फोरमवर, म्हणजे सार्वजनिक चौकात, दस्त जाळले गेले. नाण्यावर सरकारी शिपाई मशालीने कागदांचा ढीग पेटवतो आहे आणि मजकुरात आकडा कोरलेला आहे: 90 कोटी सेस्टर्शियस. कर्जमाफीची जाहिरात करावी ती अशी, रकमेसकट, आणि ज्या नाण्यात ती थकबाकी मोजली जायची त्याच नाण्यावर.

याच कुंचल्याने काढलेलं दुसरं चित्र पाहवत नाही. इ.स. 71 चा व्हेस्पेशियनचा सेस्टर्शियस: मधोमध खजुराचं झाड, त्याखाली हातावर डोकं टेकून बसलेली बाई, आणि दुसऱ्या बाजूला हात बांधलेला कैदी किंवा लष्करी वेशातला सम्राट. भोवती ‘जूदेआ (ज्यूंचा देश) जिंकला’. एक अख्खा पराभूत देश एका बसलेल्या बाईत कोंबला आहे. हेड्रियन आणि अँटोनायनस पायस यांच्या नाण्यांवर ब्रिटानियाही अशीच खडकावर बसलेली येते. तीच पुढे 1672 मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या तांब्याच्या नाण्यांवर परत बसली, या वेळी मालकिणीच्या तोऱ्यात, आणि दर्शनी बाजूला चार्ल्स रोमन सम्राटासारखी माळ घालून. त्यानंतर दोन वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवराई निघाली. तिच्यावर चेहरा नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपके. तांब्याच्या नाण्यावर राजा कसा आणावा याची दोन टोकं इतक्या जवळच्या सालांत सापडतात हा योगायोग, पण सोडवत नाही.

चेहरा हीच सत्ता असेल तर ती मोडण्याची जागाही चेहराच. कॅलिगुला मारला गेल्यावर, इ.स. 43 मध्ये, त्याची प्रतिमा असलेली तांब्या-पितळेची नाणी वितळवायचा ठराव सीनेटने केला. सगळी काही वितळली नाहीत. काही आसांवर त्याच्या गायस या नावाचं आद्याक्षर तेवढं छिन्नीने उडवलेलं दिसतं. काराकालाने 211 च्या अखेरीस भाऊ गेता याला मारलं, तेव्हा पूर्वेकडच्या काही शहरांनी दोघा भावांचे समोरासमोर चेहरे असलेल्या आपल्या नाण्यांवरून गेताचा चेहरा खरवडून काढला. असं नाणं काराकालाला एका मोकळ्या खड्ड्याकडे बघत ठेवतं. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसने दृष्टान्तासाठी हेच वापरलं: या सेस्टर्शियसवर कुणाचा ठसा आहे? ट्रेजनचा? आण इकडे. नीरोचा? फेकून दे, चालणार नाही. तत्त्वज्ञाचं ठीक आहे. बाजार इतका सोवळा नव्हता, नीरोची नाणी पार गुळगुळीत होईपर्यंत चालली.

जुन्या नाण्यावर नवा छोटा शिक्का मारणं हा स्वस्त मार्ग. ऱ्हाइनच्या काठी सेनापती व्हारसने शिपायांना वाटलेल्या आसांवर त्याच्या नावाची तीन अक्षरं एकात एक गुंफून मारलेली आहेत. तो तिथे इ.स. 7 ते 9 या काळात होता. इ.स. 9 मध्ये तो तीन लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या, घेऊन जर्मन अरण्यात गेला आणि फार थोडे परतले. उत्तर जर्मनीतल्या काल्क्रीझे इथे हे शिक्के मारलेले आस मिळाले आणि ती रणभूमी ओळखायला त्यांचा मोठा आधार झाला. हाच खेळ आपल्याकडेही झाला आहे. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांवर नाणी, आणि त्यांतल्या 9 हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला. नहपानाचा चेहरा खाली अजून दिसतो, वरून सातवाहनांची चिन्हं गेलेली. हरलेल्याच्या चेहऱ्यावरून पुन्हा घण घालणं हे फक्त पैसे वाचवणं नव्हे.

तिसऱ्या शतकात सगळं घसरलं. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, वेगळं राज्य थाटलेल्या पोस्तुमसने 260 च्या दशकात जुने झिजके सेस्टर्शियस घेऊन त्यांच्यावरच आपला चेहरा पाडला; नीट पाहिलं तर त्याच्या दाढीखाली आधीच्या सम्राटाच्या पदव्या डोकावतात. चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी आली आणि मुलामा लवकरच उडायचा. डायोक्लेशियनने 294 च्या सुमारास 10 ग्रॅमचं नवं नाणं काढलं, पण साम्राज्य वाटून चालवणाऱ्या त्याच्यासह चार राजांचे चेहरे चौकोनी आणि एकमेकांसारखे. कुणाचं नाक कसं होतं हे आता महत्त्वाचं नव्हतं. पुढे कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळात तेच नाणं दोन ग्रॅमच्याही खाली उतरलं. चौथ्या-पाचव्या शतकातली ही चिल्लर तामिळनाडूत करूर-मदुराईच्या बाजूला आणि श्रीलंकेत भरपूर मिळते. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापाराची सोन्या-चांदीची कहाणी वेगळी.

आता जपणुकीचं. आपल्या घरात तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ लावून लख्ख करायची रीत आहे. ताक कळकू नये म्हणून पितळेला कल्हई करणारे आपण, हिरवं दिसलं की घासायला हात शिवशिवतात. प्राचीन नाण्याचा यात जीव जातो. वरचा तपकिरी-हिरवा थर, ज्याला पॅटिना म्हणतात, हा धातूचाच बदललेला भाग असतो आणि अनेकदा झिजलेल्या अक्षरांचे बारीक काठ त्या थरातच उरलेले असतात. आम्लाने थर गेला की अक्षरही गेलं. मीठ तर आणखी वाईट, कारण खरा शत्रू क्लोराइड आहे.

मातीतून आलेलं क्लोराइड तांब्याशी मिळून नाण्याच्या आत दडून बसतं. हवेतली आर्द्रता 42-45 टक्क्यांच्या वर गेली की ते जागं होतं, फिकट हिरवी भुकटी तयार होते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, जे पुढचं तांबं खातं. याला ब्राँझचा रोग म्हणतात. स्थिर पॅटिना टणक आणि चिकटलेली असते, रोगाची भुकटी टूथपिकने उचलता येते आणि चार दिवसांत परत येते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता 80 च्या वर असते, तेव्हा जून उजाडण्याआधी तपासणी झालेली बरी. भुकटी भिंगाखाली सुईने काढायची, नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवून पाणी रोज बदलायचं, मग 5 टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात काही आठवडे. या द्रावणाने कधीकधी रंग बदलतो, हे धरून चालायचं. पूर्ण वाळवून 3 टक्के बेंझोट्रायझोल अल्कोहोलमध्ये, एक दिवस, हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे. शेवटी मेणाचा पातळ हात. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटांपासून नाणी लांब ठेवावीत. ते प्लास्टिक कालांतराने आम्ल सोडतं आणि नाण्यावर हिरवा चिकट लेप बसतो. मायलारची, म्हणजे पॉलिएस्टरची, पाकिटं, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा तापवून वाळवणं.

खोट्यांबद्दल थोडक्यात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या काठावर जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण असते, पृष्ठभागावर बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रं असतात आणि अक्षरांचे काठ साबणासारखे मऊ. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी दा कॅव्हिनोने इतके सुंदर सेस्टर्शियस पाडले की ते आता स्वतंत्रपणे जमवले जातात. माझ्या मते त्याहून घातक म्हणजे खरं नाणं घेऊन त्यावर नव्याने कोरलेलं काम. केसांची बट न् बट धारदार आणि अक्षरं मात्र बोथट, किंवा अक्षरांभोवतीची जमीन खरवडल्यासारखी खोल दिसली की हात आखडता घ्यावा. झीज सगळीकडे एका न्यायाने होते. छिन्नी तसं करत नाही.

पार सपाट झालेला आस कधीकधी वजनावर विकला जातो. तो घ्यावा. खोलीतला दिवा बंद करून टेबलावरचा एकच दिवा नाण्याच्या पातळीशी दहा-पंधरा अंशांत आणावा आणि नाणं हळूहळू फिरवावं, दिवा नव्हे. दहापटीचं भिंग हाताशी असू द्यावं, पण आधी उघड्या डोळ्यांनी बाह्यरेषा शोधावी. फिरवताना एका जागी सावली धरते: जाड मान, तिला मिळालेली हनुवटी. हा नीरो असू शकतो. मानेच्या टोकाशी गोळा आहे का ते पाहावं. मग नाणं उलटावं. तिथली देवता केव्हाच गेलेली असते, पंखांची एक कमान उरली तर विजयदेवता समजायची. आणि तिच्या दोन्ही बाजूंना, सखल जमिनीवर, ‘एस’ आणि ‘सी’ ही दोन अक्षरं बहुधा शाबूत सापडतात. सेनातुस कोन्सुल्तो, सीनेटच्या ठरावाने.